ट्रॉलीच्या टायराचें वय

लोखंडी धांवेची गाडी ज्यांनीं वापरली आहे, त्यांस ती धांव बसवितांना लोहाराच्या दारीं किती खबरदारी घेतली जात असे हें ठाऊक आहे. शेणीच्या जाळांत धांव लाल करावयाची, दोघां-तिघांनीं मिळून ती चाकावर चढवावयाची, आणि लागलीच पाणी ओतून आवळून घ्यावयाची. धांव सैल राहिली तर चाक खिळखिळें होई. फार आवळली तर आरे वांकत. म्हणून घरधनी स्वतः तेथें उभा राही. आज तोच घरधनी बैलगाडीच्या कितीतरी पट ओझें वाहणाऱ्या ट्रॉलीस टायर घ्यावयास निघतो, तेव्हां वरची नक्षी बोटानें चांचपतो, भाव पाडतो आणि घरीं परततो. ही बेफिकिरी आपणांस महाग पडत आहे, व ती सोडणें फारसें कठीण नाहीं, असें प्रस्तुत लेखकाचें स्पष्ट मत आहे. तें मत अनुभवानें बनलें असल्यामुळें प्रथम तो अनुभव सांगतों.

माझें शेत पालघर जिल्ह्यांत, वाडा तालुक्यांत, पीक भाताचें. वडिलांच्या वेळेपासून आमचा पेंढा मुंबईच्या उपनगरांतील तबेल्यांस जात आला आहे. जोगेश्वरी व गोरेगांव या भागांत त्या काळीं म्हशींचे तबेले पुष्कळ असत. गोरेगांवास आरेची दुग्ध-वसाहत १९४९ सालीं निघाली, ती शहरांत विखुरलेलीं जनावरें एका जागीं न्यावीं या हेतूनेंच. आज जोगेश्वरीस भातशेत औषधालाही उरलें नाहीं; थोडे तबेले तेवढे टिकून आहेत. २०२१ च्या दिवाळीनंतर अशाच एका तबेल्याकडील पेंढ्याचे पैसे घ्यावयास मी तेथें गेलों होतों. ट्रॉलीचे मागचे दोन टायर बदलावयाचे होतेच. महामार्गालगतच्या एका दुकानांत जुने टायर छपरापर्यंत रचून ठेवलेले दिसले. त्यांतील दोन मला निवडून दाखविण्यांत आले. नक्षी खोल, रंग काळाभोर, आणि किंमत नव्याच्या चौथाईइतकी. मीं ते घेतले, पेंढा उतरवून रिकाम्या परतणाऱ्या टेंपोंत टाकले, आणि मोठी काटकसर केल्याच्या समाधानांत घरीं आलों.

पुढच्या फाल्गुनांत भाताचीं पोतीं गिरणीवर नेतांना, भर दुपारीं, उतारावर त्यांतील डावीकडचा टायर फुटला. ट्रॉली एका अंगावर गेली, वरचीं पोतीं घसरलीं, आणि त्यांवर बसलेला आमचा गडी पोत्यांबरोबर खालीं आला. त्याच्या मांडीचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया करून आंत सळई बसवावी लागली, व त्या वर्षीं लावणीच्या चिखलांत त्यास पाय घालतां आला नाहीं. औषधपाण्याचा व त्याच्या घरखर्चाचा भार मीं उचलला हें खरें. पण पैशानें त्याचें तें वर्ष परत आलें नाहीं. भरल्या ट्रॉलीवर माणूस बसूं दिला ही माझी पहिली चूक. टायर न वाचतां घेतला ही दुसरी. फुटलेला टायर पंक्चरवाल्याकडे नेला, तेव्हां त्यानें बाजूवरचे चार अंक दाखविले : ३४१०. म्हणजे तो टायर २०१० सालच्या चौतिसाव्या आठवड्यांत तयार झालेला होता. मीं घेतला तेव्हांच तो अकरा वर्षांचा म्हातारा होता; नक्षी तेवढी तरुणाची.

हे चार अंक वाचावयास प्रत्येक शेतकऱ्यानें शिकलें पाहिजे. टायराच्या बाजूवर डी. ओ. टी. या इंग्रजी अक्षरांपुढें, किंवा तीं अक्षरें नसल्यास लहानशा लांबट चौकटींत, ते उमटविलेले असतात. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ही रीत २००० सालापासून चालू आहे. जेथें तीनच अंक दिसतील तो टायर त्याहूनही जुना समजावा. पुष्कळ वेळां हे अंक टायराच्या एकाच बाजूस असतात व ती बाजू आंत गेलेली असते. अशा वेळीं विजेरी घेऊन ट्रॉलीखालीं वांकून पाहावें. अंक घासून टाकलेले आढळल्यास तो टायर फुकट मिळाला तरी घेऊं नये.

येथें कोणी म्हणेल, ट्रॉली वर्षांतून चार महिने चालते व आठ महिने उभी असते. तिचा टायर झिजणार केव्हां, आणि तिला चांगला टायर हवाच कशाला? हा प्रश्न सर्वांच्या तोंडीं असतो, आणि सर्व घोटाळ्याचें मूळ त्यांतच आहे. रबर हें लोखंड नव्हे. मूळ तें झाडाचा चीक. चार्ल्स गुडइयर यास १८३९ सालीं तें गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ति सांपडली, व पुढें त्यांत काजळी आणि इतर अनेक द्रव्यें मिसळूं लागलीं. तरी हवेंतील प्राणवायु व ओझोन, ऊन आणि उष्णता यांपुढें तें हळूहळू कडक होतेंच. टायरावर बारीक चिरा पडतात, व आंतले थर एकमेकांस सोडूं लागतात. यावर उपाय म्हणून कारखानदार रबरांत मेणासारखीं द्रव्यें घालतात. टायर फिरतो व लवतो तेव्हां तीं पृष्ठभागाशीं येऊन त्याचें रक्षण करतात. उभा टायर लवत नाहीं, म्हणून त्याचें तें कवच क्षीण होतें. शिवाय आठ महिने तो एकाच जागीं दबलेला असतो, आणि त्याची एक बाजू रोज उन्हाकडे असते. तात्पर्य, रोज धांवणाऱ्या मालमोटारीचा टायर झिजून संपतो. आपल्या ट्रॉलीचा टायर झिजण्यापूर्वींच वयानें संपतो. दिसतें तसें नसतें, ही म्हण टायराइतकी दुसऱ्या कोणत्या वस्तूस लागू पडत असेल असें वाटत नाहीं.

हा अनुभव केवळ आपलाच नाहीं. अमेरिकेंत मोटारीमागें जोडून न्यावयाच्या प्रवासी घरगाड्या असतात. आंत बिछाने, चूल, पाण्याची टांकी असा संसार भरलेला असतो. कुटुंब सुटींत कांहीं आठवडे त्या गाडीनें फिरतें. एरवीं ती अंगणांत उभी. म्हणजे आपल्या ट्रॉलीचीच जात. त्या गाड्यांसाठीं तेथें ताठ बाजूंचे खास टायर मिळतात व त्यांवर एस. टी. अशीं अक्षरें असतात. ते माणसें बसावयाच्या मोटारीस घालूं नयेत असा दंडक आहे. त्या लोकांचाही अनुभव हाच कीं, नक्षी शाबूत असतां टायर फुटतो व छप्पर-भिंती घेऊन जातो. म्हणून तेथील जाणते लोक पांचव्या-सहाव्या वर्षानंतर नक्षीकडे न पाहतां टायर बदलतात. कित्येक मोटार-कारखानदार सहा वर्षांनीं टायर बदलावा असें सांगतात, आणि कित्येक टायर-कारखानदारांच्या मतें कितीही चांगला दिसला तरी तयार झाल्यापासून दहा वर्षांपलीकडे तो वापरूं नये. आपल्या उन्हाचा विचार करतां मी माझ्यापुरता नियम असा केला आहे : पांचव्या वर्षापासून दर हंगामापूर्वीं प्रत्येक टायर आंत-बाहेर तपासावयाचा, आणि आठव्या वर्षी ट्रॉलीखालून काढावयाचा.

दुसरी गोष्ट ओझ्याची. हवेच्या टायरानें शेतकऱ्यावर व त्याच्या जनावरांवर मोठे उपकार केले आहेत. कित्येक गांवीं टायराच्या बैलगाडीस ज्याचें नांव पडलें, तो जॉन बॉइड डनलॉप धंद्यानें पशुवैद्य होता. बेलफास्ट येथें असतांना मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं त्यानें हवेचा टायर तयार केला व १८८८ सालीं त्याचें पेटंट घेतलें. १९३६ सालीं बंगाल्यांत हुगळीकांठीं साहागंज येथें डनलॉपचा कारखाना निघाला. पुढें आपल्याकडे साखर-कारखान्यांस ऊस नेणाऱ्या गाड्यांस रबरी चाकें सर्रास लागलीं, व बैलाच्या मानेवरचा ताण हलका झाला. पण ताण हलका होतांच आपण ओझें वाढविलें. आणि बैलाच्या जागीं ट्रॅक्टर आला, तेव्हां त्या ओझ्यास मर्यादाच उरली नाहीं. बैल थकला कीं उभा राहून सांगे. ट्रॅक्टर सांगत नाहीं. टायर एकदांच सांगतो. धांव निघाली तर गाडी जागींच बसे. टायर फुटला तर ट्रॉली कलंडते.

म्हणून टायर घेण्यापूर्वीं साधें गणित करावें. समजा, ट्रॉली दोन आंसांची, चार चाकांची आहे. तिचें स्वतःचें वजन दोन टन, व तींत माल दहा टन. एकूण बारा टन, म्हणजे दर चाकास तीन टन. आतां टायराची बाजू वाचावी. मापाच्या पुढें भार-क्रमांक असतो. १२१ म्हणजे १४५० किलो, १४४ म्हणजे २८०० किलो, १४६ म्हणजे ३००० किलो, आणि १५० म्हणजे ३३५० किलो. दोन आंकडे तिरप्या रेघेनें दिले असल्यास पहिला एकेरी चाकाचा व दुसरा जोडचाकाचा. आपल्या ट्रॉलीस बहुधा एकेरी चाकें असल्यानें पहिलाच पाहावा. वरील उदाहरणांत १४६ चा टायर कागदावर जेमतेम पुरतो. पण माल चारी चाकांवर कधींच सारखा बसत नाहीं. खड्ड्यांत एक चाक उतरलें कीं शेजारच्या चाकावर भार जातो, आणि पावसानें भिजलेला माल वजनास वाढतो. म्हणून एक दशांश तरी शिल्लक ठेवून १५० चा टायर मागावा. ट्रॅक्टरचा वेग मालमोटारीहून कमी असल्यामुळें टायर थोडें अधिक ओझें सोसतो, हें खरें आहे. परंतु ती सवलत आपण भरतांनाच खाऊन टाकतों. भरलेली ट्रॉली वर्षांतून एकदां तरी वजनकाट्यावर नेऊन पाहावी. स्वतःच्या ट्रॉलीचें खरें वजन पाहून अनेकांचे डोळे उघडतील.

तिसरी गोष्ट हवेची. शेतांत ट्रॅक्टरच्या मागील चाकास बारा-पंधरा पौंड हवा पुरते; तेथें टायर मऊ असणेंच इष्ट, कारण त्यास माती धरावयाची असते. ट्रॉलीचा टायर रस्त्यावर ओझें वाहण्यासाठीं असतो व त्यास त्याच्या कित्येक पट हवा लागते. तरी पुष्कळ जण दोन्ही चाकांस सारख्याच नजरेनें पाहतात, आणि पहारीनें किंवा पायानें ठोकून 'हवा आहे' असा निकाल देतात. टायराच्या बाजूवर जास्तींत जास्त भार व त्यासाठीं लागणारा हवेचा दाब हे दोन्ही छापलेले असतात. ओझें वाहून आणतें तें रबर नव्हे, तर हा दाब. हवा कमी असली कीं टायराची बाजू प्रत्येक फेऱ्यांत लवते, त्या लवण्यानें आंत उष्णता वाढते, आणि उन्हांत तापलेल्या डांबरावर ती उष्णता आंतल्या थरांचा बांध सोडविते. हवा सकाळीं, ट्रॉली चालण्यापूर्वीं, टायर गार असतांना मोजावी. चालून गरम झालेल्या टायरांत दाब वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडूं नये. हवा मोजण्याचें साधन फार महाग नाहीं. तें प्रत्येक ट्रॅक्टरच्या हत्यारपेटींत असावें.

जुन्या टायरांविषयीं सरसकट निषेध करावा असें माझें म्हणणें नाहीं. वर नवें रबर चढविलेला टायर, ज्यास रिमोल्ड किंवा रिट्रेड म्हणतात, तो मुळांतच वाईट असतो असें नव्हे. विमानांच्या चाकांनासुद्धां असे टायर वापरतात. मात्र त्याची मूळ काया निकोप हवी, तिचें वय ठाऊक हवें, आणि काम नांवाजलेल्या ठिकाणीं झालेलें हवें. याउलट गुळगुळीत झालेल्या टायरावर तापल्या पात्यानें नवी नक्षी कापून जो विकतात, तो टायर विष समजावा. त्याच्या नक्षीखालीं रबर उरलेलेंच नसतें. पातें क्वचित् आंतल्या धाग्यांपर्यंतही गेलेलें असतें. ओळख सोपी आहे : खांचेच्या तळाशीं झीज दाखविणारे लहान उंचवटे कारखान्यांतून येतात, नक्षी कापतांना तेही कापले जातात. १९८९ च्या केंद्रीय मोटार-वाहन नियमांप्रमाणें दुचाकी-तीनचाकी सोडून इतर वाहनांच्या टायरांची नक्षी १.६ मिलिमीटरहून कमी खोल असूं नये. हे उंचवटे तीच मर्यादा दाखवितात. नवा टायर घेतांना त्यावर भारतीय मानकाचें आय. एस. आय. चिन्ह पाहावें, मालमोटारीच्या टायरांस तें २००९ सालच्या केंद्र सरकारच्या आदेशानें आवश्यक झालेलें आहे.

आणखी तीन सूचना थोडक्यांत देतों. एका आंसावर एक नायलॉनचा व एक रेडियल असे टायर घालूं नयेत. दोघांचें लवणें निराळें असल्यानें ट्रॉली एका अंगास ओढते. शेजारचा टायर फुटल्यावर ज्या टायरानें कांहीं वेळ दुप्पट भार सोसला, तो बाहेरून चांगला दिसला तरी उतरवून तपासावा. आणि रिमला लोखंडी लॉक रिंग असेल तर हवा भरतांना तिच्या समोर कोणीही उभें राहूं नये. रिंग नीट बसली नसेल तर ती गोफणगुंड्यासारखी सुटते. अशा अपघातांत पंक्चरवाल्यांचे प्राण गेलेले आहेत. चाक लोखंडी पिंजऱ्यांत ठेवून किंवा निदान साखळदंडांनीं जखडून हवा भरावी, आणि मुलांस तेथें फिरकूं देऊं नये.

राहिला खर्चाचा प्रश्न. समजा, नवा टायर वीस हजार रुपयांचा आहे व तो सात वर्षें चालला. वर्षाकांठीं सुमारें २,८५० रुपये पडले. जुना पांच हजारांचा घेतला व तो दोन हंगाम चालला. वर्षाकांठीं २,५०० रुपये. म्हणजे दर टायरामागें वर्षाची बचत अवघी साडेतीनशें रुपये. एक फेरी वाटेंत बसली, माल उतरवून दुसऱ्या ट्रॉलींत भरावा लागला, कीं चार चाकांची सबंध वर्षाची बचत त्याच दिवशीं संपते. मग एखाद्या गड्याचा पाय मोडला तर तो हिशोब कोणत्या वहींत मांडावयाचा? चाराण्याची कोंबडी आणि बाराण्याचा मसाला, अशी ही काटकसर आहे.

तथापि, नवे टायर एकदम चारही घेणें प्रत्येकास झेपत नाहीं, हें मी जाणतों. येथें आपल्या मंडळानें पुढें यावें अशी माझी सूचना आहे. एक, ज्या सभासदांस टायर हवे आहेत त्यांची मागणी भाद्रपदांत एकत्र करून मंडळानें एकदम खरेदी करावी. एकरकमी मालास भाव बरा मिळतो, व ताजा माल मागण्याचा अधिकारही राहतो. सहा महिन्यांहून जुना टायर नवा म्हणून स्वीकारूं नये. दोन, हवा भरण्याचें एक चांगलें यंत्र, बिनचूक दाबमापक व हवा भरण्याचा पिंजरा मंडळाच्या गोदामापाशीं ठेवावा. तीन, प्रत्येक ट्रॉलीचें एक पान असलेली नोंदवही ठेवावी; तींत प्रत्येक टायराचे चार अंक, भार-क्रमांक व तपासणीची तारीख लिहावी. गुरांच्या लसीची नोंद आपण ठेवतों. तिच्याहून हें काम अधिक नाहीं.

हंगाम संपल्यावर ट्रॉली रिकामी करून, आंसाखालीं ठोकळे देऊन चाकें जमिनीपासून सुटीं करावीं, व टायरांवर गोणपाट घालावें. डिझेल, वंगण व खतें यांपासून तीं दूर ठेवावीं. बैलाची पाठ जशी उन्हांत ठेवत नाहीं, तसाच टायरही ठेवूं नये. इतक्या साध्या काळजीनें टायराचें आयुष्य वाढतें.

खंडेनवमीस आपण नांगर, कोयते, ट्रॅक्टर धुवून-पुसून मांडतों, झेंडूच्या माळा घालतों. त्यानंतर थोड्याच दिवसांत भातकापणी सुरू होते, घाटावर ऊसतोड सुरू होते, आणि ट्रॉल्या रस्त्यावर येतात. या वर्षीं त्या दिवशीं माळ घालण्यापूर्वीं प्रत्येकानें ओल्या फडक्यानें टायराची बाजू पुसावी व ते चार अंक मोठ्यानें वाचावे; घरांतील मुलांस वाचावयास लावावे. आमच्या घरीं गेलीं कांहीं वर्षें हें चालू आहे. अंक वाचण्याचा मान त्या गड्याचा आहे. तो अजून किंचित् लंगडत चालतो, आणि त्याच्या होकाराखेरीज आमची ट्रॉली अंगणाबाहेर पडत नाहीं.